बुधवार, दुपारी चार

संध्याकाळी सात वाजता वर्तमानपत्रं वाचणारे उठून गेले, की तालुक्याच्या गावातल्या त्या ग्रंथालयात दोनच माणसं उरतात. वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, पण त्यांचा आवाज नसतो. खाली देवघेवीच्या टेबलाशी ग्रंथपाल बाई दिवसाची नोंद पुरी करतात आणि समोर ग्रंथालयाचे कार्यवाह, निवृत्त मुख्याध्यापक, चहा घेत बसलेले असतात. बाई त्यांच्याच शाळेतल्या. म्हणून ते त्यांना आजही ‘अगं’ म्हणतात आणि त्या त्यांना ‘सर’.

गाव कोणतंही समजावं. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं दहा हजारांच्या वर आहेत आणि इथे मांडलेला वाद त्यांतल्या कितीतरी ठिकाणी या ना त्या शब्दांत होत असतो. या दोघांना नावं दिलेली नाहीत, कारण मुद्दे कुणा एकाचे नाहीत.

वादाचं कारण एका ओळीचं होतं. कार्यकारी मंडळाच्या पुढच्या सभेसाठी सरांनी विषय लिहून दिला होता: ‘ग्रंथालयातर्फे मोफत ऑनलाइन शिक्षणवर्ग सुरू करणे.’ बाईंनी तो कागद वाचला आणि हिशेबाच्या वहीखाली सरकवून ठेवला.

“सर, हे कोर्स मोफतच आहेत. सरकारचं ‘स्वयम्’ मोफत आहे, बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, यूट्यूबवर तर सगळं जगच शिकवायला बसलंय. ज्याला शिकायचंय त्याच्या खिशातच शाळा आहे. त्यात आपण मध्ये कशाला?”

“खिशात कुणाच्या?” सरांनी विचारलं. “2017-18 सालची राष्ट्रीय नमुना पाहणी बघ. खेड्यातल्या शंभर घरांपैकी जेमतेम चार-साडेचार घरांत संगणक होता. इंटरनेट पंधरा घरांत.”

“ती आकडेवारी जुनी झाली. आता घरोघर फोन आहे.”

“फोन आहे. कुणाच्या हातात?”

बाई थांबल्या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात शंभरात तेहतीस होत्या आणि पुरुष सत्तावन्न. घरात फोन आला म्हणजे तो घरातल्या बाईचा झाला असं होत नाही, हे सांगायला कुठल्या पाहणीची गरज नाही. दुपारी मासिकं बदलायला येणाऱ्या बायका बाईंना रोज भेटतात. ‘पोरगा कॉलेजातून आला की फोन बघते’, हे वाक्य त्यांनी स्वतः ऐकलेलं आहे. शिवाय फोनवर पाहता येतं, पण पत्र लिहिणं, तक्ता मांडणं, अर्जाला कागद जोडणं ही कामं पाच इंचांच्या काचेवर शिकायची तर जीव मेटाकुटीला येतो.

“बरं, संगणक आपण देऊ,” बाई म्हणाल्या. “दोन आहेत. एकावर पुस्तकांची नोंद चालते. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे अर्ज करून आणखी दोन मिळतीलही. पण सर, मूळ प्रश्न वेगळा आहे. हे ग्रंथालय आहे. इथे पुस्तकं वाचायला माणसं यावीत म्हणून आपण धडपडतोय. त्यात पुन्हा पडदाच लावायचा?”

सरांना हवा होता तोच प्रश्न आला. इतिहास हा त्यांचा शिकवण्याचा विषय, आणि बडोद्याचे सयाजीराव हा त्यांच्या मनाचा कोपरा.

“पडदा आजचा नाही. सयाजीराव महाराजांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग प्रश्न आला, की शाळा सोडलेल्या पोरानं पुढे काय वाचायचं? वाचायला नाही मिळालं तर चार वर्षांत तो अक्षरं विसरणार. म्हणून 1910 साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला. तीन वर्षं तो बडोद्यात होता. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, गावोगावी वाचनालयं निघाली. गावानं वर्गणी काढायची, तेवढीच भर प्रांत पंचायतीनं घालायची आणि तेवढीच सरकारनं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या, नेण्याआणण्याचा खर्च सरकारी.”

“हे मला ठाऊक आहे सर. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात.”

“पण त्या खात्याला आणखी एक शाखा होती, ती शिकवतात का? दृश्य शिक्षणाची. जादूचा कंदील घेऊन ग्रंथालय खात्याची माणसं गावात जायची. पुढे चलचित्रंही दाखवायची. फुकट. ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी. ग्रंथालय खातं हे करत होतं, शिक्षण खातं नव्हे.”

ही शाखा आज फारशी कुणाच्या आठवणीत नाही, आणि ती असायला हवी. 1912 साली बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागलं. त्यात इंग्रजी आणि गुजरातीच्या बरोबरीनं मराठी विभाग होता. म्हणजे ग्रंथालयानं पुस्तकाबाहेर जाऊन शिकवावं का, हा प्रश्न मराठी माणसानं शंभर वर्षांपूर्वीच हाताळला होता आणि त्याचं उत्तर होकारार्थी दिलं होतं. आजच्या ऑनलाइन वर्गाला परकी टूम म्हणणाऱ्यांनी हा कंदील एकदा आठवावा.

बाईंना तो पटला. पण त्यांचा आक्षेप अजून पुरता बाहेर आला नव्हता.

“कंदील दाखवायला माणूस यायचा ना सर? गावकरी एकत्र बसायचे, माणूस समजावून सांगायचा. आत्ता तुम्ही म्हणताय ते तसं नाही. आत्ता कोर्सची यादी भिंतीवर लावायची आणि लोक शिकले असं अहवालात लिहायचं. मी आकडा सांगते. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विद्यापीठांच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा हिशेब 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे तीन. शंभरातले सत्त्याण्णव वाटेत गळाले.”

“आणि ज्यांनी पैसे भरले?”

“ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले, त्यांच्यात सेहेचाळीस टक्क्यांनी पुरा केला. म्हणजे फुकट मिळालं की सुटतं. ‘स्वयम्’चंही तसंच, शिकणं फुकट आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. आणि आपल्याकडे सरकारी भरतीत संगणकासाठी विचारतात एमएस-सीआयटी. ते प्रमाणपत्र पैसे भरून घ्यावं लागतं, आणि लोक घेतात. त्यांना ठाऊक असतं कशाचा उपयोग आहे.”

हा बाईंचा सगळ्यांत भक्कम मुद्दा होता. मोफत शिक्षणाच्या बाजूनं बोलणारे तो सहसा टाळतात. सरांनीही क्षणभर चष्मा पुसला.

“गळाले ते फुकट होतं म्हणून, की एकटे होते म्हणून?” त्यांनी सावकाश विचारलं. “पैसे भरणाऱ्याला निदान पैशांची आठवण सोबत करते. फुकट शिकणाऱ्याला कुणाचीच नाही. मी चाळीस वर्षं वर्ग घेतले. पोरं पुस्तकामुळे शाळेत येत नाहीत गं. घंटा होते म्हणून येतात, शेजारचा येतो म्हणून येतात, आणि नाही आलं तर कुणीतरी विचारतं म्हणून येतात.”

इथून वादाचा रोख बदलला.

सरांचं बोलणं शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं करून पाहिलेलं आहे. 2015 साली ‘पीअर टू पीअर युनिव्हर्सिटी’ या संस्थेबरोबर त्या ग्रंथालयानं ‘लर्निंग सर्कल’ सुरू केली. आपण त्यांना अभ्यासमंडळं म्हणू. अभ्यासक्रम इंटरनेटवरचाच, आधीपासून फुकट असलेला. फरक एवढाच, की तो पुरा करायचा ग्रंथालयात, एकत्र बसून. आठवड्यातून एकदा, दीड ते दोन तास, सहा ते आठ आठवडे. मंडळाजवळ बसणारा ग्रंथालयाचा माणूस त्या विषयातला जाणकार असावा अशी अटच नाही. त्यानं माणसं जमवायची, वेळ पाळायची, कुणी अडलं तर दुसऱ्याला विचारायला लावायचं. पुढे हीच पद्धत केनियाच्या राष्ट्रीय ग्रंथालय सेवेनं नैरोबीत वापरली. शिकागोइतका पैसा नैरोबीच्या ग्रंथालयांकडे नाही. म्हणूनच आपल्याला ते उदाहरण जास्त जवळचं आहे.

“म्हणजे शिक्षक मी नाही,” ही पद्धत सरांकडून ऐकल्यावर बाई म्हणाल्या.

“नाहीसच. तू ग्रंथपाल आहेस. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं सांगितली. दुसरं काय?”

“प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक.”

“आणि चौथं?”

“वाचकाचा वेळ वाचवा.” शाळेत उत्तर द्यावं तसं बाईंनी दिलं, आणि मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “हजार कोर्सांतून त्या माणसाला कामाचा एक काढून देणं, हे मला जमेल. ते मी रोज करते. कादंबरी मागायला आलेल्या माणसाला कोणती द्यायची ते मी चेहरा बघून ओळखते.”

ऑनलाइन शिक्षणाच्या चर्चेत ग्रंथपालाची ही विद्या फारशी मोजली जात नाही. इंटरनेटवर तुटवडा शिकवणाऱ्यांचा नाही, निवड करून देणाऱ्यांचा आहे. नववीत शाळा सुटलेल्या बाईला थेट विद्यापीठाच्या व्याख्यानापुढे बसवलं तर पुढच्या आठवड्यात ती येणार नाही. शाळा अर्धवट राहिलेल्यांसाठी लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयानं 2014 साली ‘करिअर ऑनलाइन हायस्कूल’ सुरू केलं. ग्रंथालयामार्फत शिष्यवृत्ती मिळवून तिथे प्रौढ माणसं माध्यमिक शाळेची मान्यताप्राप्त पदविका घेतात. तिथेही दार सरसकट उघडं नाही. अर्जदाराला आधी चाचणीचा एक टप्पा पार करावा लागतो, मगच जागा मिळते. कुणाला काय झेपेल हे आधी पाहणं ही त्या योजनेची खरी ताकद आहे.

बाईंनी अमेरिकेचंच दुसरं उदाहरण पुढे केलं. मोफत मिळणाऱ्या गोष्टीची किंमत कधी पैशांत नसते, असा त्यांचा मुद्दा होता.

“तिकडच्या ग्रंथालयांतून ‘लिंडा डॉट कॉम’ची शिकवणी मिळायची. ग्रंथालयाचं कार्ड दाखवा आणि शिका. ती कंपनी लिंक्डइननं घेतली. 2019 मध्ये त्यांनी ठरवलं, की यापुढे ग्रंथालयाच्या वाचकानं आधी लिंक्डइनवर स्वतःचं खातं उघडायचं. नाव, माहिती, सगळं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं जाहीर विरोध केला. कॅलिफोर्नियाच्या राज्य ग्रंथालयानं तर आपल्या ग्रंथालयांना ही सेवा थांबवायची शिफारस केली. शेवटी कंपनीनं माघार घेतली आणि कार्ड क्रमांकावरचा प्रवेश ठेवला. कुणी काय वाचलं हे ग्रंथपालानं कुणाला सांगायचं नसतं, सर. आपल्या टेबलावर बसून बायकांनी आपले फोन नंबर कुठल्यातरी कंपनीला दिले, तर त्याला जबाबदार मी.”

सरांनी यावर वाद घातला नाही. प्रस्तावाच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: ‘शिकणाऱ्याला वैयक्तिक माहिती द्यावी लागेल असा अभ्यासक्रम घेऊ नये.’

राहिला पैसा. मद्रासच्या 1948 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद आहे. कर्नाटक आणि केरळच्या कायद्यांतही आहे. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा आणि त्यात असा कर नाही. इथली ग्रंथालयं वर्गणीवर आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीनं हप्त्यानं येणाऱ्या अनुदानावर चालतात. पुस्तकं, वीज, दुरुस्ती, पगार, सगळं त्यातूनच. ग्रंथालय कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी कित्येक वर्षं तशीच आहे. बाईंनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पण सांगितलं. “तुम्ही लोकांना फुकट देणार, पण ते देणाऱ्या माणसाचा वेळ कुणीतरी फुकट घेणार. तो माझा असेल.”

हे खरं आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. मोफत ऑनलाइन शिक्षणाच्या योजना कागदावर आखणारे संगणक मोजतात, जोडणी मोजतात. टेबलाशी बसणाऱ्या माणसाचे तास कुणी मोजत नाही. ज्या ग्रंथालयात दोन माणसं काम करतात, तिथे आठवड्याचे दीड तास म्हणजे दीड तास देवघेव बंद. सरांनी आपली बुधवारची दुपार द्यायचं कबूल केलं, म्हणजे देवघेव ते पाहतील. निवृत्त माणूस प्रत्येक गावात असतो आणि त्याच्याकडे दुपार असते. ही तात्पुरती सोय झाली. कायमची सोय शासनानंच करायला हवी आणि ती मागत राहायला हवी.

“बरं, मग शिकवायचं काय?” सरांनी विचारलं. त्यांच्या मनात ‘एनपीटीईएल’ होतं. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 2003 पासून चालवलेली व्याख्यानं. अभ्यासिकेतल्या अभियंत्यांसाठी.

“नको,” बाई म्हणाल्या. “अभ्यासिकेतल्या पोरांना त्यांचं कळतं. त्यांना शांतता द्या, बास. मला बचत गटाच्या बायका हव्यात. वहीत हिशेब लिहितात, बँकेत गेल्या की तोच हिशेब संगणकावर करून आणा म्हणतात, मग बाहेर पानाला पैसे देऊन करून घेतात. त्यांना तक्ता मांडायला शिकवायचं. तेवढंच. मराठीतून.”

आणि ते मराठीतून आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मोफत मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या सुमारे दहा मिनिटांच्या चित्रफिती आहेत, अनेक भारतीय भाषांत, मराठीतही. ‘लिबर ऑफिस’मधला ‘कॅल्क’ हा हिशेबाचा भाग त्यात येतो. मांडणीच अशी, की पडद्याच्या अर्ध्या भागात चित्रफीत चालवावी, उरलेल्या अर्ध्यात स्वतः करून पाहावं. जिथे थांबायचं तिथे थांबवावं, पुन्हा ऐकावं. एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट नसलं तरी चालतं आणि त्यांचा परवाना मुक्त असल्यानं तसं उतरवून घ्यायला आडकाठी नाही. जोडणी तुटणाऱ्या गावासाठी, खातं उघडायला बिचकणाऱ्या बाईसाठी आणि इंग्रजी निवेदनाला घाबरणाऱ्या कुणासाठीही इतकी सोयीची दुसरी सामग्री मराठीत मिळणं अवघड. महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांनी ती आजवर मोठ्या प्रमाणावर वापरायला हवी होती.

मेनूतले शब्द मात्र पडद्यावर इंग्रजीच दिसतात. बाईंना ते ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, पहिल्या बुधवारी फक्त दहा शब्द फळ्यावर लिहीन. ‘फाइल’, ‘सेव्ह’, ‘ओपन’. औषधाच्या पुडीवरची नावं गटातल्या बायका वाचतातच की.

शेवटचा प्रश्न वर्गणीचा निघाला. या वर्गाला सभासदत्वाची अट घालावी, म्हणजे ग्रंथालयाला दोन पैसे मिळतील, असं मंडळात कुणीतरी म्हणणार हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईंनी शेजारच्या कक्षाकडे बोट केलं. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणीही यावं, वर्तमानपत्र उघडावं, वाचून निघून जावं. नाव विचारत नाहीत, पावती मागत नाहीत. त्या कक्षाला पिढ्यानपिढ्या एकच नाव आहे: मुक्तद्वार.

“हा वर्ग त्याच हिशेबात धरायचा,” त्या म्हणाल्या. सरांनी मान डोलावली. सुरुवातीला ज्या गोष्टीला बाईंचा विरोध होता, तिच्या बाजूनं मंडळात बोलायला आता त्याच उभ्या राहणार होत्या, पण सरांच्या प्रस्तावातलं अर्धं खोडून. भव्य यादी गेली, उद्घाटन गेलं, ‘ऑनलाइन’ हा शब्दही गेला. कागदावर राहिलं ते असं: दर बुधवारी दुपारी चार ते साडेपाच, सहा आठवडे, आठ जागा, स्त्रियांना प्राधान्य, विषय हिशेबाचा तक्ता, भाषा मराठी, फी नाही. सहाव्या आठवड्यानंतर किती जणी टिकल्या ते मोजायचं आणि आकडा कमी आला तरी सूचना फलकावर लावायचा.

महाराष्ट्रातली अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं नोंदणीकृत संस्था चालवतात. त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा होते आणि सभासदाला त्या सभेत बोलण्याचा हक्क असतो. बहुतेक गावांत ही सभा मोजक्या माणसांत उरकते. आपण आपल्या गावच्या ग्रंथालयाचे सभासद असाल, तर यंदा सभेची सूचना आली की आठ खुर्च्या, एक पडदा, आठवड्याचे दीड तास आणि शेजारी बसणारं एक माणूस, एवढी मागणी लेखी देऊन पाहा. आणि आपली बुधवारची दुपार मोकळी असेल, तर तेही त्याच कागदावर लिहा.